बुधवारी दवाखाना बंद होता

१

जी मुलगी कागदावर सुरक्षित होती, ती मंगळवारी सकाळी गोवराने गेली. वय सोळा महिने.

रुग्णालयातल्या डॉक्टरांचं पत्र पाहणी कार्यालयात पोचलं ते सोमवारी. पत्र चारच ओळींचं होतं. मुलीला गोवराची लस दिलेली नव्हती असं तिचे आजोबा सांगतात. तुमच्या पाहणीत मात्र दिल्याची नोंद आहे. त्याच वस्तीतली आणखी चार मुलं दाखल झाली आहेत. कृपया खुलासा करावा.

साहेबांनी पत्र टेबलावर सरकवलं आणि शेजारी तो फॉर्म ठेवला. गट क्रमांक सत्तावीस, मूल चौथं. गोवराची लस: दिली. तारीख: तेरा, बुधवार. कार्ड प्रत्यक्ष पाहिले: होय. पाहणीची तारीख: अठरा, सोमवार. खाली सही.

"चाळणीतून हे निसटलं कसं?" साहेब म्हणाले.

समोर बसलेल्या बाईंना अख्खं कार्यालय पाठीमागे चाळणी म्हणायचं आणि साहेब तोंडावर. त्यांचं काम फेरतपासणीचं. दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म घेऊन पुन्हा त्याच दारात जायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. वीस वर्षं हेच करून त्यांचे गुडघे गेले होते आणि जगावरचा विश्वास बराचसा. कोणी 'बरं आहे' म्हटलं तरी त्या मनात म्हणायच्या, कशावरून?

"फेरतपासणी दहा टक्के घरांची असते," त्या म्हणाल्या. "हे घर त्यात नव्हतं."

"म्हणजे आपल्या बाईनं घरी बसून फॉर्म भरला. सरळ आहे. शुक्रवारी समितीची बैठक आहे. तो गट काढून टाकू. उरलेल्या एकोणतीस गटांचा आकडा काढलाय मी. चौऱ्याण्णवच राहतो."

चौऱ्याण्णव. गेला महिनाभर या आकड्याने कार्यालयात सगळ्यांच्या माना ताठ झाल्या होत्या. शहरातल्या सगळ्या मुलांना कोण मोजत बसणार? म्हणून तीस गट पाडायचे, प्रत्येकातली सात मुलं पाहायची, दोनशे दहा मुलांवरून लाखभर मुलांचं सांगायचं. शितावरून भाताची परीक्षा. दोन वर्षांपूर्वी शंभरातल्या शहात्तर मुलांना गोवराची लस मिळालेली निघाली होती. यंदा चौऱ्याण्णव. समितीचा नियम साधा होता. आकडा ऐंशीच्या खाली असेल तर घरोघर जाऊन लस द्यायची मोहीम. वर असेल तर मोहीम नाही, लस दुसऱ्या शहराला.

"आणि तिनं घरी बसून भरला नसेल तर?" चाळणीबाईंनी विचारलं.

"तर काय?"

"तर चूक एका गटाची नाही. मग तीसही गट तपासावे लागतील."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "गुरुवार संध्याकाळपर्यंत वेळ देतो. पण मला एक नाव हवंय, तीस नकोत."

फॉर्म भरणाऱ्या बाईला वस्त्यांमधली मुलं टकटकताई म्हणायची. ती बेल असली तरी दार वाजवायची. अकरा वर्षांची नोकरी, एकही तक्रार नाही. चाळणीबाईंनीच तिला शिकवलं होतं, आणि शिकवताना नेहमीचा मंत्र दिला होता: डोळ्यांनी पाहा, हातानं उतरवा, मनाचं काही घालू नका. त्या मंत्राचा त्यांना अभिमान होता. छापील मार्गदर्शिकेत तो पहिल्या पानावर होता.

टकटकताई बाहेरच्या बाकावर बसली होती. तीन दिवस धुतलं नसावं असं तोंड झालं होतं.

"खरं सांग. गेली होतीस त्या घरी?"

"गेले होते."

"कार्ड पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग तारीख कुठून आणलीस?"

"कार्डावर होती." मग ती एकदम उठली. पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिने चाळणीबाईंच्या हातात दिला. राजीनामा होता. "मला काढून टाका, मॅडम. माझ्या हातून जे व्हायचं ते झालंय. पण कार्ड मी पाहिलं होतं."

"हातून काय झालं?"

टकटकताईने मूग गिळले.

२

ते घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होतं. बाहेर एक लहान, लाल पट्ट्याची चप्पलजोडी होती. अजून कोणी उचलली नव्हती. चाळणीबाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि आपल्या चपला लांब काढल्या.

आजोबांनी दार उघडलं. आयुष्यभर पुस्तकं बांधण्याचं काम केलेला माणूस. बोटांची टोकं खळीने कायमची पांढरी पडलेली. आत सून भिंतीकडे तोंड करून निजली होती. मुलगा कामाला परत रुजू झाला होता. न जाऊन सांगतो कुणाला.

"बसा. चहा करता येत नाही मला नीट," आजोबा म्हणाले.

"नको. कार्ड बघायचं होतं."

"ते रुग्णालयात ठेवून घेतलं. मिळेल म्हणतात महिन्याभरानं." ते खाली बसले. "काय विचारायचं ते मला विचारा. डोस द्यायला मीच न्यायचो तिला. सून बिस्किटांच्या कारखान्यात जाते, मुलाची पाळी असते. मी रिकामाच."

"गोवराची लस कधी द्यायची होती?"

"नवव्या महिन्यात. पण सून माहेरी होती, तिची आई आजारी म्हणून. चार महिने गेले त्यात. परत आल्यावर राहिलेला डोस दिला आणि नर्सबाई म्हणाल्या, आता चार आठवड्यांनी या, तेरा तारखेला, बुधवारी."

"मग?"

"मग गेलो की तेरा तारखेला! घेऊन गेलो तिला, टोपी घालून. तर रस्त्यालाच अडवलं. पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली होती, दवाखान्यात गुडघाभर पाणी. शिपाई म्हणाला, पुढच्या बुधवारी या."

चाळणीबाईंच्या हातातलं पेन थांबलं. फॉर्मवरची तारीख तेरा होती. त्या दिवशी दवाखानाच बंद होता.

"पुढच्या बुधवारी गेलात?"

आजोबांनी सुनेच्या पाठीकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"नाही."

"का?"

"मधल्या सोमवारी तुमच्या बाई आल्या. मी रेशन आणायला गेलो होतो. सून तापामुळे घरी. बाईंनी कार्ड पाहिलं, लिहून घेतलं, आणि जाताना म्हणाल्या, 'बाळाचे सगळे डोस पूर्ण झाले हो. शाबास.' सुनेला वाटलं मी देऊन आणला. संध्याकाळी ती मला म्हणाली, बाबा, सगळं झालं म्हणे. मी म्हटलं, अगं, गोवराचं राहिलंय. तर म्हणाली, त्यांनी कार्ड तपासलंय." ते थांबले. "मला वाटलं, शिकलेली माणसं, कागद बघून सांगतात. आधीच्याच एखाद्या सुईत ते आलं असेल. मी काय, पुस्तकं बांधली, वाचली थोडीच."

भिंतीकडून सुनेचा आवाज आला. वळली नाही ती.

"तुम्ही गेला असतात तर ती असती."

आजोबा उठून दाराकडे गेले. मंगळवारपासून ती त्यांच्याशी एवढंच बोलत होती, असं त्यांनी चाळणीबाईंना जिन्यापर्यंत सोडायला आल्यावर सांगितलं.

टकटकताईने गिळलेले मूग ते हेच होते तर. पण एक गोष्ट सुटली की दुसरी अडकते. बंद दवाखान्यात दिलेली लस कार्डावर आली कशी?

३

मंगळवारी सकाळी चाळणीबाई दवाखान्यात गेल्या. भिंतींवर पाण्याची रेघ अजून होती. नर्सबाई ठेंगणी, ठसकेबाज. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, खिशाला निळं पेन, आणि जिभेला हाड नाही.

"तुमच्या पाहणीवाल्या!" नर्सबाई म्हणाल्या. "येतात, आमच्या नोंदी चाळतात, आणि आमच्यावरच संशय. बोला, काय पाहिजे?"

"तेरा तारखेचं रजिस्टर."

रजिस्टर उघडलं. सहा तारखेचं पान भरलेलं, वीस तारखेचं पान भरलेलं. मध्ये तेरा तारखेला एकच आडवी रेघ आणि शब्द: 'पाणी शिरल्याने बंद.'

"त्या दिवशी मी कोणालाच टोचलं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "लस वरच्या मजल्यावर हलवण्यात दिवस गेला. शीतपेटी डोक्यावर घेऊन जिना चढले मी. हवं तर शिपायाला विचारा."

"या मुलीच्या कार्डावर तेरा तारखेला लस दिल्याचं आहे म्हणतात."

नर्सबाईंनी फॉर्म पाहिला आणि त्यांचा ठसका उतरला. नाव ओळखलं होतं त्यांनी. "ही? टोपीवाल्या आजोबांची? अगं बाई." त्या मटकन खाली बसल्या. "मी दिली नाही हिला. वीस तारखेला वाट पाहिली. आले नाहीत ते. दीडशे मुलं असतात हो एका बुधवारी, कुणाकुणाच्या मागे जाऊ?"

"मग लस दिली असं कार्डावर लिहिलं कोणी?"

"मला काय माहीत! तुमच्या बाईनं मनानं लिहिलं असेल. नाहीतर काय?"

बाहेर मुलांच्या रडण्याचा आवाज वाढला तशा नर्सबाई डोळे पुसत उठल्या.

चाळणीबाईंनी साहेबांना फोन केला आणि जे कळलं ते सांगितलं. साहेबांचा आवाज उजळला. "म्हणजे रजिस्टर म्हणतं दिली नाही, फॉर्म म्हणतो दिली. झालं की! आणखी काय पुरावा हवा? हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिचा राजीनामा आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"पाठवून द्या."

फोन ठेवून त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. सगळं जुळत होतं, आणि नेमकं तेच त्यांना खुपत होतं. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला खोटा फॉर्म भरायला बसवलं. अठरा तारखेचा सोमवार आहे. मला एक खोटी तारीख हवी आहे. गेल्या बुधवारी पाइपलाइन फुटली, अर्धं शहर पाण्यात होतं, सगळ्यांच्या तोंडी तीच गोष्ट. मी कुठलाही बुधवार घेईन. मागचा घेईन, त्याच्या मागचा घेईन. पाच दिवसांपूर्वीचा, ज्या दिवशी दवाखाना बंद होता हे शेंबडं पोरही सांगेल, तो मी का घेईन?

नंतर लिहिणाऱ्याने ती तारीख लिहिलीच नसती. आणि त्या दिवशी तर कार्ड दवाखान्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मग उरतं एकच. ती तारीख तेरा तारखेच्या आधीच लिहिली गेली होती.

राजीनामा त्यांनी पर्समध्ये परत खोल ढकलला.

४

कार्यालयात सगळे फॉर्म संगणकात चढवायचं काम एकाच माणसाकडे होतं. त्याला बेरीजराव म्हणत. तोंडी हिशेब इतका पक्का की कोणी वय सांगितलं की तो जन्माचा वार सांगायचा. माणूस पापभीरू, पण नीटनेटकेपणाचा रोग. टेबलावर पेन आडवं पडलेलंही त्याला खपत नसे.

"बेरीजराव, फॉर्म चढवताना काही खोडलंत का तुम्ही?"

बेरीजरावची पाचावर धारण बसली. "मी? मॅडम, मी कशाला काही…"

"मी रागावणार नाही."

"नियमाप्रमाणेच केलं. साहेबांना विचारून." त्याने खणातून एक वही काढली. "काही फॉर्मवर लसीची तारीख पाहणीच्या नंतरची होती. म्हणजे आज पाहणी आणि लस पंधरा दिवसांनी दिली! मशीन घेईना. साहेब म्हणाले, लिहिण्यातली चूक असेल, रिकामं ठेवा. मी 'दिली' तसंच ठेवलं, तारीख रिकामी. पण नोंद ठेवली हं. ही बघा."

नीटनेटकेपणाच्या रोगाचे चाळणीबाईंनी मनोमन आभार मानले. वहीत अकरा ओळी होत्या. अकरा मुलं, नऊ वेगवेगळे गट, सहा वेगवेगळ्या पाहणी करणाऱ्या. प्रत्येकीपुढे खोडलेली तारीख. आणि रकाना दर वेळी गोवराचाच.

"बेरीजराव, या अकरा तारखांचे वार सांगा."

बेरीजरावने पहिली तारीख पाहिली. "बुधवार." दुसरी. "बुधवार." तिसरी, चौथी. पाचव्याला त्याचा आवाज बारीक झाला. सातव्याला तो थांबला आणि पुढच्या चारही मनातल्या मनात करून आला.

"सगळे बुधवार आहेत, मॅडम."

"शहरात लसीकरण कोणत्या वारी असतं?"

"बुधवारी."

"लिहिताना हात चुकला, तर तो अकराच्या अकरा वेळा बुधवारावर जाऊन पडेल?"

बेरीजरावने वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "म्हणजे या चुका नाहीत."

"नाहीत. या तारखा कार्डावर खरोखरच होत्या. आणि तुम्ही फक्त पुढच्या तारखा खोडल्यात, कारण त्या दिसत होत्या. अशाच ज्या तारखा पाहणीपर्यंत उलटून गेल्या होत्या, त्या तुम्हाला ओळखूच आल्या नाहीत. त्या खऱ्या समजून मोजल्या गेल्या."

"किती असतील अशा?"

चाळणीबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या अकरा ओळी उतरवून घेतल्या.

५

बुधवार होता. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चाळणीबाईंनी काहीच विचारलं नाही. त्या नर्सबाईंच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

एक आई आली. नर्सबाईंनी बाळाला टोचलं. खिशातलं निळं पेन काढून आजच्या डोसाच्या चौकोनात आजची तारीख लिहिली. मग पेन खिशात आणि अंबाड्यातली पेन्सिल हातात. खालच्या चौकोनात, गोवराच्या, त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख हलक्या हाताने लिहिली.

"या दिवशी आणा हं," त्या आईला म्हणाल्या. "विसरू नका."

चाळणीबाईंनी त्या आईकडून कार्ड मागून घेतलं. पेन्सिलीची तारीख, गोवराच्या लसीच्या चौकोनात. लस मिळाली तेव्हाची नाही, मिळायची होती तेव्हाची.

"ही इथे का लिहिता?"

"मग कुठे लिहू, माझ्या कपाळावर? जुन्या कार्डात 'पुढची तारीख' असा वेगळा रकाना होता. गेल्या वर्षी नवं कार्ड काढलं, सुटसुटीत म्हणे. त्यात तो रकानाच गाळला. आयांना तारीख लिहून दिली नाही तर येतील का त्या? म्हणून आम्ही पेन्सिलीनं त्याच चौकोनात लिहितो. मूल आलं की वरून पेनानं गिरवायचं. नाही आलं की…" नर्सबाई बोलता बोलता थांबल्या.

"नाही आलं की पेन्सिल तशीच राहते."

"सगळ्याच नर्सा असं करतात," नर्सबाई हळू म्हणाल्या. "बैठकीतच ठरलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोणीच सांगितलं नव्हतं. ज्यांनी रकाना गाळला त्यांना पेन्सिल ठाऊक नव्हती, नर्सांना पाहणी ठाऊक नव्हती. पण पाहणी करणाऱ्या बायकांना डोळे होते की! पेन आणि पेन्सिल यातला फरक त्यांना दिसला नाही, हे कसं शक्य आहे?

चाळणीबाई तिथून रिक्षा करून थेट टकटकताईच्या घरी गेल्या. तिने दार उघडलं तेव्हा हातात ओला कपडा होता.

"कार्डावरची तारीख पेन्सिलीनं होती."

"हो."

"तुला दिसलं होतं."

"सगळ्याजणींना दिसलं होतं, मॅडम."

"मग मला का नाही सांगितलंत?" चाळणीबाईंचा आवाज चढला. "तारीख पेनानं नाही, पेन्सिलीनं आहे, यात काही वेगळं आहे, हे विचारावंसं एकीलाही वाटलं नाही?"

टकटकताईने कपडा दोरीवर टाकला. बराच वेळ त्याच्या चुण्या काढत राहिली.

"मी विचारलं होतं. यंदाच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख असेल तर काय करायचं? तुम्ही म्हणालात, 'कार्डावर तारीख आहे ना? मग उतरवा. मनाचं काही घालू नका. न्याय करायला तुम्हाला नेमलेलं नाही.' सगळ्याजणी हसल्या. मीही हसले."

चाळणीबाईंना आठवलं. शब्द न् शब्द आठवला. बारा वर्षांपूर्वी पाहणीवाल्या पुसट तारखा, डाग पडलेल्या तारखा आपल्या मर्जीने गाळायच्या आणि आकडा खोटाच खाली यायचा. म्हणून त्यांनी तो नियम केला होता. चांगला नियम होता. त्या नियमावर त्यांचं नाव झालं होतं. हॉल गरम होता, जेवण झालेलं होतं, आणि एका बाईच्या प्रश्नाला त्यांनी एका वाक्यात झटकून टाकलं होतं.

"परवा का नाही बोललीस हे?"

"काय बोलणार? तुम्ही उतरवायला सांगितलं होतं. 'शाबास, सगळे डोस झाले' म्हणायला नव्हतं सांगितलं. ते मी माझ्या मनानं म्हटलं." ती आता रडत होती. "तापानं फणफणली होती ती पोरीची आई. मला वाटलं, दोन शब्द चांगले बोलावेत."

त्या दोघी दारातच उभ्या राहिल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. चाळणीबाईंनी पर्समधून राजीनामा काढला आणि तिच्यासमोर फाडला. त्याने काही भरून निघणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

"रड नंतर," त्या म्हणाल्या. "आधी चल. इतर सगळ्याजणींना फोन लाव. लस दिली म्हणून मोजलेली एकशेअठ्ठ्याण्णव कार्डं पुन्हा बघायची आहेत, आणि आपल्याकडे दीड दिवस आहे."

६

बाराजणी दीड दिवस फिरल्या. जेवल्या ते जिन्यात बसून. प्रत्येक दारात एकच प्रश्न: कार्ड दाखवता का? आणि कार्डावर एकच बघायचं: गोवराच्या चौकोनात पाहणीच्या आधीची शाई आहे का. जिथे पेन्सिल सापडली तिथे त्या आईला सांगून आल्या की लस राहिली आहे, येत्या बुधवारी नक्की न्या. टकटकताई प्रत्येक दारात ते दोनदा सांगायची. दुसऱ्यांदा सांगताना ती आईकडून वदवून घ्यायची.

गुरुवारी संध्याकाळी बेरीजरावने बेरीज केली. स्वतःवर विश्वास नसल्यासारखी पुन्हा केली. एकशेअठ्ठ्याण्णवपैकी एकोणपन्नास मुलांच्या चौकोनात नुसती पेन्सिल होती. दोनशे दहातली एकशेएकोणपन्नास मुलं उरली. शंभरात एकाहत्तर.

साहेबांनी कागद वाचला. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"आपण चौऱ्याण्णव जाहीर केलेत, बाई. अभिनंदनाची पत्रं आलीत."

"हो."

"मी एक नाव मागितलं होतं. एक गट काढला असता, एका बाईची नोकरी गेली असती, प्रकरण मिटलं असतं."

"चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि मोहीम झाली नसती," चाळणीबाई म्हणाल्या. "नाव शेवटच्या पानावर आहे."

साहेबांनी पान उलटलं. तिथे लिहिलं होतं की पेन्सिलीच्या तारखा लस दिल्याच्या तारखा म्हणून उतरवण्याची सूचना फेरतपासणी प्रमुखांनी, प्रशिक्षणात शंका विचारली गेली असतानाही, दिली होती. पाहणी करणाऱ्यांनी ती पाळली. त्यांचा दोष नाही. पुढच्या तारखा खोडण्याची परवानगी कोणी दिली, तेही एका ओळीत होतं. खाली चाळणीबाईंची सही होती.

"या सहीनंतर तुम्ही या खुर्चीवर राहणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि ही ओळ? माझी?"

"ती खरी आहे, साहेब."

साहेबांनी पेन उचललं आणि चाळणीबाईंच्या सहीखाली आपली केली. का केली, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. शुक्रवारी समितीत फार आरडाओरडा झाला, आणि शेवटी मोहीम ठरली. सोमवारपासून घरोघर, सगळ्या वस्त्यांमध्ये, सत्तावीस नंबरपासून सुरुवात.

शनिवारी सकाळी चाळणीबाई तो जिना चढल्या. गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला हिशेब मागितला. आजोबांनी दार उघडलं. चाळणीबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: कार्ड, पेन्सिल, हॉलमधला तो प्रश्न आणि आपलं उत्तर. काही वगळलं नाही. 'शाबास'चंही सांगितलं, आणि ते बोलणारी बाई खाली फाटकापाशी उभी आहे, वर यायची तिची हिंमत होत नाही, हेही.

आजोबा नीट ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "तो तुमचा नवा आकडा किती म्हणालात?"

"शंभरात एकाहत्तर."

"आमची त्या एकाहत्तरात आहे का?"

"नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "आधी आम्ही तिला लस मिळालेल्यांत मोजलं होतं. आता न मिळालेल्यांत मोजली आहे."

"म्हणजे आता बरोबर मोजलीत."

"हो."

त्यांनी मान हलवली. पांढऱ्या पडलेल्या बोटांनी डोळे पुसले. राग काढतील म्हणून चाळणीबाई वाट पाहत होत्या. त्यासाठीच त्या आल्या होत्या. पण आजोबांनी दारातून बाजूला होऊन त्यांना आत यायची वाट करून दिली.

"हे मला सांगून काय उपयोग? मी म्हातारा, मी कसाही जगेन. हे तिला सांगा. तिला वाटतं, मी आळस केला आणि तिची पोर गेली. त्या बाईंनाही वर बोलवा. दोघी मिळून सांगा, म्हणजे तिला खोटं वाटणार नाही."

टकटकताई वर आली. पहिल्यांदाच दार न वाजवता ती एखाद्या घरात शिरत होती. सून भिंतीला टेकून बसली होती. तिने दोघींकडे पाहिलं आणि बसा म्हटलं नाही. चाळणीबाई उभ्या राहिल्या, आणि त्यांनी प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.